न वाजवण्याचा हक्क

'फ्री जॅझ' म्हणजे मुक्त जॅझ, असं भाषांतर करून आपण मोकळे होतो. पण मुक्त कोण? संगीत, की ते वाजवणारा माणूस? सूर मोकळे झाले आणि वाजवणारा जिथल्या तिथंच राहिला, तर त्या मोकळ्या सुरांचं आपण काय करायचं?

हा सवाल न्यूयॉर्कचा आहे असं समजून कुणी पान उलटू नये. यवतमाळला खेटून असलेल्या आपल्या लोहाऱ्यात, आणि जिल्ह्यातल्या कुठल्याही विहाराच्या ओट्यावर, लग्नसराई आली की हाच वाद पेटतो. वस्तीतल्या एखाद्या पोराचा दम लांब असतो, बोटं चालतात, त्याला बँडवाला बोलावतो. मग एक म्हणतो, "बाजा वाजवणं म्हंजे बाबासाहेबानं सोडाले लावलं ते पुन्हा गळ्यात घेणं होय. काही जायचं नाही." दुसरा म्हणतो, "काहून नाही जायचं? कला हाय, पोट हाय. अमेरिकेतल्या काळ्या लोकायनं त वाजवूनच दुनियेत नाव केलं." दोघंही बाबासाहेबांचं नाव घेतात. दोघंही अर्धे खरे आहेत. उरलेलं अर्धं शोधायला मला एका काळ्या सॅक्सोफोनवाल्याला या ओट्यावर बोलवायचं आहे. त्याचं नाव ऑर्नेट कोलमन.

काळ्यांशी आपलं नातं आजचं नाही. १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं होतं. काळ्यांच्या वतीनं युनोकडे जाणाऱ्या अर्जाची प्रत त्यांना पाहिजे होती. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. पण बाबासाहेबांनी गुलामी आणि अस्पृश्यता यांची तुलना केली तेव्हा दोन्ही एकच असं कुठं म्हटलं नाही. त्यांनी दोन्हींतला फरक मोजला. आपणही तेच करू. मिठी मारायची तर डोळे उघडे ठेवून.

कोलमन १९३० साली टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ गावी जन्मला. काळ्यांची शाळा वेगळी, वस्ती वेगळी. सात वर्षांचा असताना बाप गेला. पोरानं आईला वाद्य मागितलं. आई म्हणाली, कमाव, पैसे साठव. पोरानं बूटपॉलिशची पेटी तयार केली आणि रस्त्यावर बसला. त्या पैशांतून पुढं सॅक्सोफोन आला. बूटपॉलिशची पेटी घेतलेला पोरगा आपल्याला यवतमाळच्या स्टँडवर भेटलेला आहे. ओळख पटायला वेळ लागू नये.

वाजवायला तो आपला आपण शिकला. शाळेच्या बँडमध्ये घेतला, तिथं अमेरिकन फौजेच्या थाटाची कवायती धून चालू असताना हा पठ्ठ्या आपल्या मनचं वाजवायला लागला. बँडमधून काढला. पुढं फिरत्या पार्ट्यांबरोबर दक्षिणेत हिंडला. १९४९ साली लुईझियानातल्या बॅटन रूज गावी नाचाच्या कार्यक्रमात त्यानं असं काही वाजवलं की नाचणारे थबकले. नाच मोडला म्हणून चिडलेल्यांनी त्याला बाहेर नेऊन मारलं, सॅक्सोफोन मोडून टाकला. नवी वाट काढणाऱ्याला परकेच मारतात असं काही नाही. ज्यांच्यासाठी वाजवायचं त्या गर्दीचाही हात उठतो.

तिथून तो लॉस एंजेलिसला गेला. तिथली एक गोष्ट सांगतात. ज्या पार्टीत तो होता तिच्या मालकानं त्याला पैसे दिले ते न वाजवण्यासाठी! स्टेजवर उभा रहा, पण तोंड लावू नको. पोटासाठी तो एका मोठ्या दुकानात लिफ्ट चालवायचा. लिफ्ट रिकामी असली की संगीताची पुस्तकं वाचायचा. १९५४ च्या सुमारास नवा सॅक्सोफोन घ्यायची वेळ आली. पितळी वाद्याला पैसे नव्हते म्हणून पांढरं प्लॅस्टिकचं घेतलं. लोक हसले. खेळणं घेऊन आलाय म्हणाले. पुढं त्याच खेळण्यावर त्यानं जॅझचं कुंपण तोडलं.

कुंपण कसलं ते सांगतो. जॅझमध्ये धून ठरलेली असते आणि धुनेखाली कॉर्डचा क्रमही ठरलेला असतो. तीनचार सुरांची एकत्र बांधलेली मोळी म्हणजे कॉर्ड. एकट्यानं उडायची पाळी आली तरी वादकानं त्या मोळ्यांच्या रांगेतूनच चालायचं. किती का वेगानं चालेना, रांग सोडायची नाही. कोलमन म्हणाला, धून मला जिकडं नेईल तिकडं मी जाईन, रांग माझ्यामागून येईल. नोव्हेंबर १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबमध्ये तो चार जणांचा ताफा घेऊन उभा राहिला. जॅझच्या दुनियेचे दोन तुकडे झाले. काहींना वाटलं उद्याचं संगीत आलं. काही नावाजलेले वादक म्हणाले, याला वाजवताच येत नाही. डिसेंबर १९६० मध्ये त्यानं आठ वादक एकत्र करून, न थांबता, सदतीस मिनिटांचं एकच वाजवणं मुद्रित केलं. त्या तबकडीचं नाव 'फ्री जॅझ'. पुढं अख्ख्या प्रवाहालाच ते नाव पडलं.

'याला वाजवताच येत नाही' हे वाक्य आपण मराठीत ऐकलेलं आहे. १९७२ साली 'गोलपिठा' आला तेव्हा आणि त्याआधी बाबुराव बागुलांच्या कथा आल्या तेव्हा याच सुरात बोललं गेलं. भाषा शिवराळ, आकार नाही, सौंदर्य नाही. ज्यांच्या हातात सूर ठरवायची पट्टी असते ते पट्टीबाहेरच्याला बेसूर म्हणतात. ते आपण सोसलं आणि पुढं गेलो. त्यावर आता जास्त शाई घालवण्यात अर्थ नाही. आपला मुद्दा वेगळा आहे.

इथवरची गोष्ट ऐकून ओट्यावरचा दुसरा पोरगा म्हणेल, "पाहा, मी सांगत होतो. मार खाल्ला, पण वाद्य नाही सोडलं. म्हणून मोठा झाला. आपण डफडं सोडलं, कला बुडवली." हे म्हणणं वस्तीतच ऐकू येतं असं नाही. लोककलेवर पुस्तकं लिहिणारे, संमेलनात उसासे टाकणारे सवर्ण विद्वानही हेच बोलतात. धर्मांतरानं महारांनी वाद्यं टाकली, गावाची कला मेली. या आरोपाला जवाब दिला पाहिजे, आणि तो जवाब इतिहासातच पडलेला आहे.

१७३९ साली साउथ कॅरोलायनात स्टोनो नदीच्या काठी गुलामांनी बंड केलं. ढोल वाजवत, झेंडे उभारून ते निघाले होते. बंड चिरडलं गेलं. दुसऱ्याच वर्षी, १७४० मध्ये, तिथं कायदा झाला: गुलामांनी ढोल, शिंग किंवा मोठ्या आवाजाचं दुसरं वाद्य वाजवायचं नाही, जवळ बाळगायचं नाही. मालकाला ढोलाची भीती वाटली. ढोलातून एका मळ्याचा निरोप दुसऱ्या मळ्याला जातो हे त्याला कळलं होतं. वाद्य हिसकावून घेतलं तेव्हा काळ्यांनी टाळ्यांचा ढोल केला, पायांचा ढोल केला, गळ्याचं शिंग केलं. पुढं गुलामी कायद्यानं गेली. मग काळ्याच्या हातात आलेलं प्रत्येक शिंग हे परत मिळवलेलं शिंग होतं. कोलमनच्या ओठांवरच्या त्या प्लॅस्टिकच्या नळीमागं एवढा इतिहास उभा आहे.

आता आपल्याकडं या. बाबासाहेबांनी १९३६ सालच्या 'जातिनिर्मूलन' या न झालेल्या भाषणात इंदूर भागातल्या बलाई या अस्पृश्य जातीची हकीकत दिली आहे. ती १९२८ सालची. पंधरावीस गावांतल्या सवर्णांनी बलाईंना फर्मान काढलं: जरीकाठी पागोटं घालायचं नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही, बायांनी सोनंचांदी घालायची नाही, हिंदूच्या घरी कुणी मेलं तर नातेवाइकांकडं निरोप न्यायचा, सारी कामं मोबदला न मागता करायची. त्या यादीत एक कलम असंही आहे की हिंदूंच्या प्रत्येक लग्नात वरातीपुढं आणि लग्न चालू असताना बलाईंनी वाजवलंच पाहिजे. बलाई नाही म्हणाले. त्यांचं विहिरीचं पाणी बंद झालं, गुरांच्या चाऱ्याची वाट बंद झाली, स्वतःच्या शेतात जायची वाट बंद झाली. कित्येक कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्यांची घरं सोडून शेजारच्या संस्थानांत निघून गेली.

हे कलम पुन्हा वाचा. साउथ कॅरोलायनाचा कायदा म्हणतो, वाजवशील तर मार खाशील. इंदूरचं फर्मान म्हणतं, वाजवणार नाहीस तर मार खाशील. आपल्या वऱ्हाडातही फर्मान लेखी नसलं तरी हेच होतं. पोळ्याला पाटलाच्या बैलांपुढं वाजवायचं, लग्नात वाजवायचं, मरीमाईपुढं वाजवायचं. आणि आपल्या स्वतःच्या पोराची वरात निघाली की त्यांच्या आळीतून वाजा न्यायचा नाही. म्हणजे त्यांच्या आनंदात आपला दम, आणि आपल्या आनंदात आपल्यालाच मुकाट चालणं. कला तिथं कुठून येणार? तिथं कलावंताला ओठ होते, फुप्फुस होतं, हात होते. 'नाही' म्हणायला तोंड नव्हतं.

म्हणून दोन्हीकडं मुक्तीची दिशा उलटी झाली. जिथं मालकानं वाद्य हिसकावलं तिथं वाजवणं हे बंड झालं. जिथं मालकानं वाद्य गळ्यात बांधलं तिथं ते काढून ठेवणं हे बंड झालं. काळ्यानं शिंग उचललं आणि आपल्या आजोबानं डफडं खाली ठेवलं, ही एकाच चळवळीची दोन कामं आहेत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्म घेतला त्याच्या आधी आणि नंतर गावोगाव लोकांनी मेलेलं ढोर ओढणं सोडलं, डफडं सोडलं. त्यापायी मजुऱ्या बंद झाल्या, डोकी फुटली. त्या माणसांनी कला बुडवली असं म्हणणाऱ्यानं आधी सांगावं की त्या कलेची किंमत गावानं काय दिली होती. शिळी भाकर आणि लांबून टाकलेला पैसा. आजही तो विद्वान एखाद्या डफडंवाल्याच्या शेजारी पंगतीला बसतो काय हे पाहावं, आणि मग लोककलेवर बोलावं.

दलित साहित्यानं 'नकार' हा शब्द मोठा केला. पण नकार कवितेत आला त्याच्या कितीतरी आधी तो गावाच्या वेशीत आलेला होता, कसलीही सही न करता.

आता गंमत अशी की हाच नकार कोलमनच्या आयुष्यातही आहे, आणि त्याचे चरित्रकार त्या पानावर जरा घाईनं पुढं जातात. क्लब त्याच्या नावावर भरत होते. तबकड्या निघत होत्या. त्याला मात्र दिसत होतं की नाव आपलं आणि पैसा दुसऱ्याचा. २१ डिसेंबर १९६२ ला त्यानं न्यूयॉर्कचं टाउन हॉल हे सभागृह स्वतः भाड्यानं घेऊन स्वतःचा कार्यक्रम केला. मग आपला दर वाढवला. क्लबवाले तो द्यायला तयार झाले नाहीत. कोलमन म्हणाला, मग मी वाजवत नाही. दोन वर्षं तो लोकांपुढं वाजवायला उभा राहिला नाही. मुक्त जॅझचा सर्वांत मुक्त वादक घरात बसला.

कुणी म्हणेल, ही दोन वर्षं वाया गेली. मला वाटतं, त्याच्या साऱ्या आयुष्यात ही दोन वर्षं सर्वांत मुक्त होती. १९५९ ला तो सुरांपासून मोकळा झाला होता, बाजारापासून नव्हता. मनासारखं वाजवण्याची मोकळीक मिळाली म्हणजे माणूस मोकळा झाला असं आपण समजतो. पिंजऱ्यातल्या पोपटालाही मनासारखं बोलायची मोकळीक असते. ज्याला न वाजवण्याचा हक्क आहे त्याचंच वाजवणं मुक्त. हा हक्क नसेल तर राग कुठलाही असो, कुंपण तोडलेलं असो की नसो, ती वेठ आहे. मला या लेखात एवढंच सांगायचं आहे. बाकीचं त्याची फोड.

जानेवारी १९६५ मध्ये तो परत आला, आणि नुसता सॅक्सोफोन घेऊन आला नाही. ट्रम्पेट आणि व्हायोलिन ही दोन नवी वाद्यं आपली आपण शिकून आला. पुन्हा लोक म्हणाले, याला येत नाही. पण आता परतणं त्याच्या मर्जीचं होतं. खाली ठेवणंही आपलं, उचलणंही आपलं.

इथं एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. कोलमनला थांबणं जमलं, कारण तोवर त्याचं नाव झालं होतं. लग्नसराईच्या दोन महिन्यांवर ज्याच्या घरातली वर्षाची ज्वारी अवलंबून आहे तो बँडवाला कसा थांबणार? नकार हा भरल्या पोटाचा शौक आहे काय?

याला जवाब असा की नकाराला भाकर लागते, म्हणूनच तो एकट्यानं करायचा नसतो. एकट्याचा नकार म्हणजे उपास. वस्तीचा नकार म्हणजे चळवळ. बलाई एकेकटे नाही म्हणाले असते तर एकेकटे मारले गेले असते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात महार वतनाविरुद्ध बिल आणलं, शिकायला सांगितलं, जमीन मागितली, नोकऱ्यांत जागा मागितल्या, ते याचसाठी. 'नाही' म्हणता यावं यासाठी पायाखाली जमीन पाहिजे. न वाजवण्याचा हक्क हा कलेचा हक्क वाटतो, पण त्याचं मूळ पोटात आहे.

आता सॅक्सोफोन आपल्याकडं कसा आला ते पाहू, कारण त्या वाटेवरही हाच प्रश्न उभा आहे. बेल्जियमच्या ॲडॉल्फ सॅक्सनं १८४६ साली पॅरिसला या वाद्याचं पेटंट घेतलं. फ्रान्सच्या फौजी बँडनं ते उचललं. इंग्रजांच्या पलटणींच्या बँडबरोबर पितळी वाद्यं हिंदुस्थानात आली. मुंबईत १९३० च्या दशकात ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतले काळे वादक वाजवायला आले. लिऑन ॲबी आपला ताफा घेऊन १९३५ साली आला. त्यांच्याकडून गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी जॅझ घेतलं. चर्चच्या शाळांत त्यांना सुरांची लिपी आधीच शिकवलेली होती. त्यांनी सिनेमाची गाणी सजवली आणि पडद्यावरच्या नावांत त्यांची नावं क्वचितच आली. गोव्याच्या ब्राझ गोन्साल्विस यांनी सॅक्सोफोनवर जॅझ आणि राग एकमेकांशेजारी आणायचा प्रयत्न केला. १९७८ पासून मुंबईत 'जॅझ यात्रा' भरू लागली. पण तो सॅक्सोफोन हॉटेलात आणि बड्या मैफलींत राहिला. यवतमाळला आला तो दुसऱ्या वाटेनं, लग्नाच्या बँडमधून, क्लॅरिओनेट आणि ट्रम्पेटच्या जोडीनं, सोनेरी झालरीचा कोट घालून.

त्या कोटाकडं जरा पाहा. तो राजाच्या पलटणीचा कोट आहे. तो घालून वाजवणाऱ्याला मांडवात जेवायला मात्र सर्वांत शेवटी बसवतात. वाद्यात खोट नाही. सनई हे तेच वाद्य. बिस्मिल्ला खाँ ती १९४७ साली लाल किल्ल्यावर वाजवून आले आणि २००१ साली भारतरत्न झाले. तीच सनई गावात वाजवणारा देवळाच्या पायरीखाली बसला. कोलमन १९७३ साली मोरोक्कोच्या डोंगरातल्या जजूका गावी गेला. तिथले पिढीजात वादक सनईच्याच कुळातलं वाद्य फुंकतात. त्यांच्या घोळक्यात उभा राहून तो त्यांच्याबरोबर वाजवत राहिला, आणि त्याला तिथं जे मिळालं ते त्यानं पुढच्या संगीतात घेतलं. सारा फरक बोलावण्याच्या रीतीत असतो. कोण बोलावतो, कुठं बसवतो, काय देतो, आणि नाही म्हटलं तर काय करतो.

कोलमनच्या संगीताची रीतही या संदर्भात समजून घेण्यासारखी आहे. जुन्या रीतीत एक जण पुढं वाजवतो, बाकीचे त्याच्यामागं ठेका धरतात. काही वाद्यांच्या नशिबी जन्मभर मागं राहणं. कोलमननं ही उतरंड मोडली. एक जण पुढं गेला तरी दुसऱ्यांनी आपलं म्हणणं मध्येच मांडावं, ढोलवाल्यानंही धून बोलावी, कुणी कुणाचा कायमचा साथीदार नाही. त्याच्या या विचाराला तो हार्मोलोडिक्स म्हणायचा. पण सगळ्यांनी मोकळं सुटायचं म्हटलं तर नुसता गलका होतो. गलका होऊ द्यायचा नसेल तर प्रत्येकानं दुसऱ्याचं ऐकावं लागतं, आणि हुकमानं वाजवताना जेवढं ऐकावं लागतं त्याहून कितीतरी जास्त ऐकावं लागतं. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत बाबासाहेबांनी बजावलं होतं की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता ही एकमेकांपासून तोडता येत नाहीत. या तिघांचा संबंध कानानं समजून घ्यायचा असेल तर आठ वादकांची ती सदतीस मिनिटं ऐकावीत. पहिल्यांदा डोकं दुखेल. समतेनंही सुरुवातीला दुखतंच.

पण बंधुतेचं नाव घेतलं की आपल्याच घरातली एक गोष्ट बोलावी लागते. महारानं डफडं खाली ठेवलं ते बऱ्याच गावांत मांगानं उचललं. त्याच्यापुढं दुसरं काही ठेवलेलं नव्हतं. आणि मग आपल्यातलेच काही जण त्याच्याकडं पाटलाच्या डोळ्यानं बघायला लागले. 'तो वाजवतो, आपण नाही वाजवत.' वाद्य आपल्या गळ्यातून निघून दुसऱ्या दलिताच्या गळ्यात पडलं, एवढ्यानं गावाचं फर्मान काही रद्द झालं नाही. फक्त पत्ता बदलला. आपल्या आजोबाच्या नकाराचं मोल कमी होत नाही, पण तो नकार आपण तिथंच थांबवला तर तो अर्धा राहतो. ज्यानं 'मी वाजवणार नाही' म्हटलं त्याच्या नातवानं 'कुणालाच जबरीनं वाजवू देणार नाही' असं म्हणायला पाहिजे.

आणि अर्धं राहिलेलं दुसरं काम म्हणजे उचलणं. तेही आपल्याकडं झालेलं आहे. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्यासारख्यांनी जलसे उभे केले. तमाशाचाच बाज घेतला आणि त्यात चळवळ भरली. वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव गात हिंडले. विठ्ठल उमप २०१० च्या नोव्हेंबरात नागपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रमाच्या स्टेजवरच कोसळले आणि गेले. यांच्या हातातली वाद्यं तीच होती जी गावानं हलकी ठरवली होती. पण यांना पाटलानं बोलावलेलं नव्हतं. ते आपल्या मर्जीनं, आपल्या लोकांपुढं, आपलं म्हणणं घेऊन उभे होते. डफडं ठेवणारा आजोबा आणि डफ उचलणारा शाहीर यांच्यात भांडण नाही. पहिल्यानं ठेवलं म्हणूनच दुसऱ्याला उचलता आलं.

तेव्हा ओट्यावरच्या त्या पोराला काय सांगायचं? बँडमध्ये जा म्हणावं की जाऊ नको म्हणावं? मी त्याला एक सवाल विचारायला सांगीन: "नाही म्हटलं तर काय होईन?" नाही म्हटल्यावर फक्त एक सुपारी जाणार असेल आणि उद्या दुसरी घेता येणार असेल, तर बेलाशक जा. दम कमव, सुरांची लिपी शीक, हिशेब शीक, बँडमालकाकडून दर ठरवून घे. नाही म्हटल्यावर आईची मजुरी बंद होणार असेल, वस्तीची वाट अडणार असेल, तर ती कला नाही, ते बलाईंचं फर्मान आहे. तिथं जायचं नाही, आणि त्याला एकट्यालाही सोडायचं नाही. वस्तीनं त्याच्यामागं उभं राहायचं.

हाच सवाल आपल्या मंडळांनी स्वतःलाही विचारावा. १४ एप्रिलच्या मिरवणुकीला आपण बँड सांगतो तेव्हा मालकाला घासाघीस करून किती खाली आणतो? उन्हात पाच तास चाललेल्या वाजवणाऱ्याला पाणी कोण देतो? तो मांग असो, बौद्ध असो, मुसलमान असो, तो आपल्या पंगतीत बसतो की गाडीच्या मागं? रात्री बारा वाजता पोरं "अजून एक, अजून एक" म्हणून त्याला घेरतात, तेव्हा त्याला "आता बस" म्हणता येतं काय? बाबासाहेबांच्या मिरवणुकीत एखाद्या माणसाला थांबता येत नसेल तर तेवढ्यापुरते आपण पाटील झालो.

कोलमनला २००७ साली संगीताचं पुलित्झर मिळालं. जून २०१५ मध्ये पंच्याऐंशीव्या वर्षी तो न्यूयॉर्कमध्ये वारला. त्याच्या तबकड्या आता कुणालाही ऐकता येतात. ऐका जरूर, पण आपल्या मंडळात त्याच्यावर भाषण ठेवण्याआधी एक काम करा. यंदा बँडवाल्याला सुपारी देताना कागदावर तीन गोष्टी लिहा: दर किती, जेवण कुठं, थांबायची वेळ कोणती. तिसरी गोष्ट त्याला विचारून लिहा.

लोहारा, जि. यवतमाळ